रझाकारी आणि ‘ॲक्शन’ : धाराशिव जिल्ह्याच्या दोन आठवणी

दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी सकाळी मराठवाड्यात सर्वत्र ध्वजवंदन होते, तसे धाराशिव येथेही होते. हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, स्वातंत्र्यसैनिकांच्या कुटुंबीयांचा सत्कार होतो, शाळांतून भाषणे होतात. कोकणात, मुंबईत किंवा वसईत वाढलेल्या आपल्या वाचकांना प्रश्न पडतो, की १५ ऑगस्ट होऊन महिना उलटल्यावर हा दुसरा स्वातंत्र्यदिन कशासाठी? उत्तर सर्वांना ठाऊक असावे असे आहे : हैदराबाद संस्थान, आणि त्याबरोबर मराठवाडा, भारतात आला तो १९४७ साली नव्हे, तर १७ सप्टेंबर १९४८ रोजी.

परंतु जिल्ह्यातील जुन्या माणसांशी बोलताना एक गोष्ट ध्यानी येते. त्या वर्षासाठी त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. एक ‘रझाकारी’, दुसरा ‘ॲक्शन’. हिंदू घरांतून बहुधा पहिला ऐकू येतो, मुस्लिम घरांतून दुसरा. वर्ष तेच, गावेही तीच. पहिल्या शब्दाची कथा १७ सप्टेंबरला संपते आणि दुसऱ्याची त्याच दिवशी सुरू होते. ह्या दोन आठवणी एकाच गावात पंचाहत्तरहून अधिक वर्षे शेजारी नांदत आल्या आहेत आणि एकमेकींना जवळजवळ ओळखत नाहीत. आज जिल्ह्यात नावावरून, आरक्षणावरून, मिरवणुकीच्या मार्गावरून जे काही ताण उद्भवतात, ते ह्या अबोल्याच्या भूमीवर पडतात. म्हणून दोन्ही आठवणी एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आम्ही करीत आहोत.

जिल्ह्याची वस्ती

धाराशिव जिल्हा आकाराने मोठा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,५७,५७६. बाहेरच्यांना तो तुळजापूरच्या भवानीमुळे ठाऊक असतो. तिच्या दर्शनास महाराष्ट्राइतकेच कर्नाटक व तेलंगणातूनही भाविक येतात. मराठा समाज संख्येने मोठा. त्याखेरीज धनगर, माळी, मातंग, बौद्ध, चर्मकार, उमरगा-मुरूम भागात कानडी वळणाची मराठी बोलणारे लिंगायत, तांड्यांवरचे बंजारा, वडार, कैकाडी आणि पारधी. ह्या पारधी समाजास इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविले होते. तो शिक्का कागदावरून १९५२ साली पुसला गेला, लोकांच्या मनातून अद्याप पुरता पुसलेला नाही. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र, तेर हे संत गोरोबा कुंभारांचे गाव. धाराशिव शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गा आहे आणि त्यांच्या उरुसास हिंदूही जातात. मुस्लिम लोकसंख्या साधारण दहा-अकरा टक्के. त्यांत शेख, सय्यद, काझी तसे अत्तार, बागवान, तांबोळी, मोमीन, मुलाणी आणि चक्क पाटील-देशमुखही. आपण ख्रिस्ती मात्र मूठभर.

परंड्याच्या भुईकोट किल्ल्याविषयी येथे थोडे विषयांतर करतो. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर निजामशाहीची गादी काही काळ परंड्यास होती आणि ती सांभाळणारा मलिक अंबर हा जन्माने इथिओपियाचा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला मनुष्य होता. त्याच्या फौजेत हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि भोसल्यांसारखे मराठा सरदारही होते. अनेक वंशांनी मिळून एक राज्य चालविणे ही गोष्ट ह्या भागाला नवी नाही. असो.

निजामाचे राज्य

हैदराबाद संस्थान विस्ताराने एखाद्या युरोपीय देशाएवढे होते. लोकसंख्या १९४१ साली दीड कोटीहून अधिक, आणि भाषा मुख्यतः चार. पूर्वेकडे तेलुगू, नैर्ऋत्येकडे कानडी, वायव्येकडील औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद ह्या पाच जिल्ह्यांत मराठी, आणि ह्या साऱ्यांवर दरबाराची, कचेरीची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकशास्त्रासह सर्व विषय उर्दूतून शिकवीत. एतद्देशीय भाषेतील उच्च शिक्षणाचा तो मोठा प्रयोग होता हे मान्य केले पाहिजे. मात्र ती भाषा राज्यातील बहुसंख्य प्रजेची नव्हती. मुसलमान साधारण आठांत एक. पण अधिकाराच्या जागा बव्हंशी त्यांच्याकडे, आणि त्याही खेड्यातील मुसलमानाकडे नव्हे, तर शहरी उमराव व नोकरदार वर्गाकडे.

आफ्रिकेच्या इतिहासाचा थोडासा परिचय असलेल्या वाचकास हे चित्र ओळखीचे वाटेल. तहांनी व करारांनी आखलेल्या सीमा, आत अनेक जनसमूह, त्यांतील एका लहान गटाच्या हाती राज्यकारभार, आणि कचेरीतला प्रत्येक कागद माणसाला त्याच्या समूहाची आठवण करून देणारा. आपला जिल्हा तर अशा करारांतूनच फिरला आहे. १८५३ साली निजामाने नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कर्जापोटी इंग्रजांकडे सोपविला, १८६० साली तो परत मिळविला. पुढे जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गाहून धाराशिवास आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गावास मीर उस्मान अली खान यांच्यावरून उस्मानाबाद हे नाव मिळाले.

अशा राज्यात शेजाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी हळूहळू बदलते. गावचा मुलाणी हा बलुत्यातला माणूस, सण-जत्रेत ज्याच्यावाचून अडते असा. मोहरमच्या सवाऱ्यांपुढे हिंदू घरांतून नवस बोलले जात. परंतु मराठी शाळा काढू पाहणाऱ्याला जेव्हा परवानगीसाठी खेटे घालावे लागतात आणि सभा घेणाऱ्याला पोलीस उठवून लावतात, तेव्हा तोच मुलाणी कोठेतरी ‘सरकारचा माणूस’ दिसू लागतो. वास्तविक सरकारने त्याला काहीच दिलेले नसते.

असंतोष संघटित होत गेला. आज लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा ह्या बाबतीत प्रसिद्ध आहे. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, तेथे शिक्षक होते. १९३७ साली महाराष्ट्र परिषद भरली, १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन झाली आणि तिच्यावर लागलीच बंदी आली. आर्य समाजाने १९३८-३९ मध्ये मोठा सत्याग्रह केला. दुसऱ्या बाजूस १९२७ साली स्थापन झालेली मजलिस ही संघटना बहादूर यार जंग यांच्या निधनानंतर अधिक कडवी होत गेली. १९४६ साली तिचे नेतृत्व कासिम रझवी यांच्याकडे गेले. रझवी हे लातूरचे वकील आणि लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. म्हणजे ज्या जिल्ह्याने लढ्याचे सर्वांत आदरणीय नाव घडविले, त्याच जिल्ह्यातून रझाकारांचा सेनापतीही निघाला.

रझाकारी

नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार व निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. तो वर्षभराचा होता, पण राज्य तेवढे टिकले नाही. रझाकारांची सशस्त्र पथके गावोगाव फिरू लागली. लूट, जाळपोळ, खून, स्त्रियांची विटंबना यांचे सत्र सुरू झाले. उमरग्याच्या पलीकडे, बीदर जिल्ह्यातील गोरटा येथे मे १९४८ मध्ये झालेले हत्याकांड त्या भागात आजही सांगितले जाते. हजारो कुटुंबे घरेदारे सोडून सोलापूर-बार्शीकडे गेली. सीमेवर काँग्रेसच्या स्वयंसेवकांच्या छावण्या उभ्या राहिल्या आणि तेथून करोडगिरी नाक्यांवर व पोलीस ठाण्यांवर हल्ले होऊ लागले. मराठवाड्याच्या ह्या लढ्याचा इतिहास अनंत भालेरावांसारख्यांनी तपशिलाने लिहिला आहे. ज्यांनी ते दिवस सोसले त्यांचे दुःख खरे आहे आणि १७ सप्टेंबरचा त्यांचा आनंदही खरा आहे. पुढे जे सांगावयाचे आहे त्याने त्यात काडीचेही उणे होत नाही.

मुसलमान म्हणजे रझाकार हे समीकरण मात्र तेव्हाही खोटे होते. ‘इमरोज’ ह्या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थानाने भारतात सामील व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून करण्यात आला. उलट बाजूस दलित समाजही दुभंगला होता. बी. श्यामसुंदर यांच्यासारखे नेते निजामाच्या बाजूस होते. ते संस्थानाच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रसंघापुढेही गेले. डॉ. आंबेडकरांनी मात्र १९४७ साली संस्थानातील अस्पृश्यांना निजामाच्या बाजूने जाऊ नका, असे जाहीरपणे बजावले होते.

ॲक्शन

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली ती आपल्याच जिल्ह्यातून. पहिली चकमक नळदुर्गास झाली. बोरी नदीवरचा पूल उडविला जाण्यापूर्वीच ताब्यात आला. पाठोपाठ उमरगा पडले. तुळजापूरला दोनेक तास लढाई झाली. पाचव्या दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवण्याची घोषणा केली. मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी प्रशासक झाले. सरकारी भाषेत ही ‘पोलीस कारवाई’; लोकांच्या तोंडी ‘ॲक्शन’.

त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले ते शाळेच्या पुस्तकात नाही. संस्थानातून येणाऱ्या वार्तांनी अस्वस्थ होऊन पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठविले. सुंदरलाल हे गांधीमार्गी. इंग्रज राजवटीवरील त्यांचा ग्रंथ १९२९ साली सरकारने जप्त केला होता. ही मंडळी २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ ह्या काळात सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरली आणि शंभरहून अधिक गावांतील पाचशेवर लोकांच्या जबान्या घेतल्या. त्यांचा अंदाज असा, की पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर संपूर्ण संस्थानात कमीत कमी २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली, बहुतांश मुसलमान. सर्वाधिक झळ चार जिल्ह्यांना बसली : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. ह्या चारांत मिळून मृतांचा आकडा १८ हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असावा, असे अहवाल म्हणतो. यादीत आपल्या जिल्ह्याचे नाव आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

लातूर हे रझवींचे गाव. तेथे कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, असे अहवालात नोंदविले आहे. दहा हजारांच्या आसपास असलेल्या मुस्लिम वस्तीपैकी समितीला जेमतेम तीन हजार आढळले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे परागंदा झाले होते. ज्यांनी रझाकारी केली होती ते पुष्कळसे आधीच पळाले होते. सापडला तो विणकर, शेतमजूर, किरकोळ दुकानदार. सोलापुराकडून शस्त्रधारी टोळ्या सीमा ओलांडून आल्या, काही ठिकाणी सैनिक व पोलीसही लुटीत सामील झाले, असेही अहवाल सांगतो. सैन्याची एकंदर शिस्त मात्र चांगली होती, हे तो त्याच प्रामाणिकपणे नमूद करतो. आणि आणखी एक गोष्ट नमूद करतो, जी आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. हिंदूंनी आपला जीव धोक्यात घालून मुस्लिम शेजाऱ्यांना वाचविल्याची उदाहरणे समितीला ठिकठिकाणी मिळाली. विशेषतः हिंदू विणकरांनी आपल्या मुस्लिम सहव्यावसायिकांसाठी जमावाशी झुंज दिली होती.

आता ह्याच्या शेजारी एक वस्तुस्थिती ठेवून पाहावी. ज्याच्या नावाने हे सारे चालले होते तो निजाम २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत भारतीय प्रजासत्ताकाच्या हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. कासिम रझवी १९५७ साली तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेले. राज्य उलथले त्याची किंमत राज्याच्या लाभार्थींनी फारशी दिली नाही. ज्याला त्या राज्यात कधी शिपायाची जागाही मिळाली नसती, त्या खेडुताने दिली.

सुंदरलाल समितीचा अहवाल सरदार पटेलांना मान्य झाला नाही. रझाकारांच्या अत्याचारांकडे त्यात पुरेसे लक्ष दिलेले नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आमच्या मते त्या आक्षेपाचे उत्तर दोन्ही काळांची चौकशी करून ती छापणे हे होते. तसे झाले नाही. अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. अलीकडे, २०१३ च्या सुमारास, दिल्लीच्या नेहरू संग्रहालयात तो अभ्यासकांना पाहता येऊ लागला.

रवांडाचे उदाहरण

अशा प्रसंगानंतर एखादा समाज काय करतो, हे पाहण्यासाठी रवांडाकडे वळणे आपणा कॅथलिकांस विशेष क्रमप्राप्त आहे, कारण तो देश बहुसंख्येने ख्रिस्ती. हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलत, त्याच टेकड्यांवर राहत, एकाच मंदिरात प्रार्थना करीत. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर प्रत्येकाचा वंश लिहिला. १९९४ च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. तपासणी नाक्यावर ते ओळखपत्रच मृत्युपत्र ठरले. न्तारामासारख्या चर्चमध्ये आश्रयास आलेल्यांना तेथेच मारण्यात आले. काही धर्मगुरूंनी स्वतः प्राण दिले आणि काहींचे हात रक्ताने माखले. हे दोन्ही खरे आहे. रवांडाच्या बिशपांनी २०१६ साली क्षमायाचना केली आणि २० मार्च २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या व तिच्या सदस्यांच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली.

तेथे ‘गाचाचा’ नावाची ग्रामन्यायालये भरविण्यात आली; शब्दाचा संबंध गवताशी आहे, कारण गावकरी गवतावर बसून निवाडा करीत. २०१२ साली ती बंद झाली तोवर सुमारे १९ लाख प्रकरणे त्यांच्यापुढे आली होती. मारेकऱ्याने कोठे, कोणाला, कसे मारले ते शेजाऱ्यांसमक्ष सांगावयाचे. त्यामुळे कित्येकांना आपल्या माणसांच्या अस्थी सापडल्या. पण ह्या व्यवस्थेचा गौरव करताना एक उणीव झाकता येत नाही. विजयी झालेल्या पक्षाच्या सैन्याने केलेल्या हत्या त्या न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या. म्हणजे तेथेही गवतावर आली ती एकच बाजू, आणि दुसऱ्या बाजूची मृतांची घरे आजही हलक्या आवाजात बोलतात.

आज

निजाम जाऊन पाऊणशे वर्षे झाली, परंतु त्याचे दप्तर अद्याप राज्य करीत आहे. २०२३ साली मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले, तेव्हा ‘कुणबी’ नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत निजामकालीन कागद उघडण्यात आले. कागद मोडीत आणि उर्दूत. कोणाचा पणजोबा कुणबी होता हे ठरविण्यासाठी उर्दू वाचणाऱ्याला सन्मानाने बोलवावे लागले, हा काळाचा विनोदच. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात प्रमाणपत्रांच्या वाटपास आरंभ झाला. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटच्या आधारे शासन निर्णय निघाला. त्यास इतर मागासवर्गीयांनी विरोध केला आणि त्याच गॅझेटचा हवाला देत बंजारा समाजाने अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला. प्रत्येकाच्या मागणीमागे पडलेला पाऊस, घसरलेले सोयाबीनचे भाव, नोकरीविना बसलेला पदवीधर मुलगा आहे. ती मागणी चूक की बरोबर हा ह्या लेखाचा विषय नव्हे. पण गावात एकाच बांधावरचे दोन शेतकरी जेव्हा एकमेकांना प्रथम ‘मराठा’ आणि ‘ओबीसी’ म्हणून पाहू लागतात, तेव्हा मुलाणी ‘सरकारचा माणूस’ कसा झाला होता ते आठवल्यावाचून राहत नाही.

नावाचेही तसेच. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ साली नामांतराचा निर्णय घेतला, २०२३ साली अधिसूचना निघाली, मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय वैध ठरविला. धाराशिव हे जुनेच नाव आहे आणि आम्ही येथे तेच वापरले आहे. १९४८ च्या अहवालासंबंधी लिहिताना उस्मानाबाद लिहिले, कारण कागदावर ते तसेच आहे. ज्या मुस्लिम वाचकमित्रांना नामांतराचे वाईट वाटले त्यांच्याशी बोलताना आम्हांस असे दिसले, की निजामाविषयी त्यांना ममत्व नाही. आपल्या घरातून ‘ॲक्शन’मध्ये गेलेल्यांचे नाव कोठेही लिहिलेले नसताना पाटीवरचे एक नावही पुसले जाते, एवढेच त्यांना बोचते.

१९४८ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज सत्त्याऐंशीच्या पुढे आहे. अशी माणसे उमरगा, लोहारा, तुळजापूर, कळंब भागांत अजून आहेत, तशीच पुण्या-मुंबईस मुलांकडे राहावयास गेलेलीही आहेत. आपल्यापैकी जे त्या भागात शिक्षक, परिचारिका वा समाजसेवक म्हणून काम करतात, त्यांनी त्यांच्यापाशी बसावे आणि रझाकारी व ॲक्शन ह्या दोहोंविषयी एकाच बैठकीत विचारावे : गावावर कोण चालून आले, कोण मेले, त्यांना कोठे पुरले वा जाळले. आणि कोणाच्या माळवदावर, कोणाच्या पेवात कोण किती दिवस लपले होते, भाकरी कोण पोहोचवीत असे, तेही विचारावे. गावाचे नाव, सांगणाऱ्याचे वय व तारीख घालून ते वहीत उतरवून ठेवावे.